दहावं टोपण

"हसायचं म्हणे! वीस मिनिटं. आणि तेही ड्यूटी संपल्यावर." आयसीयूत साफसफाई करणाऱ्या मावशी औषधभांडाराच्या खिडकीला पाठ टेकून कुरकुरत होत्या. "बारा तास त्या प्लास्टिकच्या पोशाखात उकडून निघायचं, मग आंघोळ करायची, मग रांगेत उभं राहायचं आणि पोटातून हा हा हा करायचं. माझ्या पोटात सकाळपासून अर्धा कप चहा आहे. त्यातून किती हा हा निघणार?"

"दोन," हातगाडीला रेललेले वॉर्डबॉय मामा म्हणाले. "तिसऱ्याला चहाच बाहेर येईल."

"तुम्हाला थट्टा सुचते. पण मला एकदा कळू दे, कोण मेलं रोज ती लाल टोपणं टाकतंय बरणीत! सगळं कसं हिरवंगार चाललं होतं. कुणी काही विचारत नव्हतं, कुणी हसायला लावत नव्हतं. आणि गंमत बघा, बाहेरच्या वाडग्यात लाल टोपण औषधालाही नाही, तरी बरणीत रोज नऊ! घरून शिवणाच्या डब्यातून घेऊन येतंय की काय कुणी?"

"घरी जातंय कोण, मावशी?" मामा म्हणाले.



खिडकीच्या आत हातमोज्यांची खोकी मोजणाऱ्या स्टोअरबाईंचा आकडा चुकला. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं आणि मान वर न करता खोकी पुढे सरकवली.

"सही करा, मावशी."

"करते. पण बाई, मोजता तुम्ही. तुम्हाला ठाऊक असणार की, कोण ते."

"मला कसं कळणार? टोपणावर काय नाव असतं कुणाचं?"

हे बोलताना आपला आवाज इतका सरळ कसा राहिला, याचं बाईंना स्वतःलाच नवल वाटलं. कारण ते मेलं माणूस दुसरं-तिसरं कुणी नव्हतं. त्या स्वतःच होत्या.

टोपणांची ही भानगड मुळात निघाली, तीही त्यांच्याच डोक्यातून.

साथ सुरू होऊन चार-पाच महिने झाले, तेव्हा वरच्या कार्यालयातून मोठ्या साहेबांना, म्हणजे रुग्णालयाच्या अधीक्षकांना, पत्र आलं. आयसीयूत काम करणाऱ्यांच्या मनावरचा ताण आणि तब्येतीची काळजी रोजच्या रोज मोजा आणि आलेख काढून पाठवा. ताप मोजायचं यंत्र होतं, बोटाला लावून प्राणवायू मोजायचं होतं. ताण कशानं मोजायचा, ते पत्रात नव्हतं. सोबत एकतीस प्रश्नांचा छापील फॉर्म होता. आयसीयूत अठ्ठेचाळीस माणसं. पहिल्या दिवशी मेट्रनबाईंनी फॉर्म वाटले. संध्याकाळी ते होते तिथंच सापडले, फक्त वरच्या फॉर्मवर चहाच्या कपाची गोल खूण उठली होती. शेवटी मेट्रनबाईच बसल्या आणि अठ्ठेचाळीस फॉर्म एका बैठकीत, एका अक्षरात भरून मोकळ्या झाल्या. झोप : चांगली. भूक : चांगली. भीती : लागू नाही.

साहेबांनी गठ्ठा परत ढकलला. "अहो बाई, अठ्ठेचाळीस माणसांचं एकच अक्षर? माणसं आहेत की रबरी शिक्का?"

"विचारलं असतं तरी त्यांनी हेच सांगितलं असतं, साहेब. मी त्यांचा वेळ वाचवला," मेट्रनबाई म्हणाल्या.

स्टोअरबाई तेव्हा मास्कच्या मागणीवर सही घ्यायला दारात उभ्या होत्या. बावीस वर्षं त्यांनी औषधभांडार सांभाळलं होतं. शिक्षण बेताचं, पण कुठल्या कपाटात कुठली बाटली कितवी, हे त्या डोळे मिटून सांगत. त्या बोलून गेल्या, "कागद कशाला, साहेब? टोपणं घ्या की."

इंजेक्शनच्या छोट्या बाटलीवर रंगीत प्लास्टिकचं टोपण असतं. ते अंगठ्यानं उडवायचं आणि सुई घालायची. अशी टोपणं दिवसाला शेकड्यानं उडतात आणि कचऱ्यात जातात. बाईंचं म्हणणं असं, की ती जंतुनाशकात धुवायची आणि कपडे बदलायच्या खोलीबाहेर तीन वाडग्यांत ठेवायची. हिरवी, पिवळी, लाल. शेजारी एक मोठी बरणी. ड्यूटी संपली, आंघोळ झाली, की जाता जाता एक टोपण बरणीत टाकायचं. बरं वाटत असेल तर हिरवं, काळजी वाटत असेल तर पिवळं, आणि सहन होत नसेल तर लाल. नाव नको, सही नको. सकाळी बरणी ताटात ओतायची, मोजायची, फेकून द्यायची. दुसऱ्या दिवशी नवी टोपणं.

साहेब खुर्चीवरून उठलेच. "बाई, तुम्ही इतकी वर्षं भांडारात काय करताय?"

"औषधं देते," बाई म्हणाल्या.

वरच्या कार्यालयाला कल्पना इतकी पसंत पडली, की बाईंचा बरणीसोबत फोटो निघाला. मास्क आणि टोपीमुळे त्यात बाई कुठली आणि बरणी कुठली एवढंच ओळखू येत होतं, पण निघाला. रोजच्या मोजणीचं कामही त्यांच्याच गळ्यात पडलं. लोकांना वाटलं, बाईंवर नसता व्याप आला. बाईंनीही चेहरा तसाच केला. आतून त्यांना ते काम हवंच होतं, कारण त्या अठ्ठेचाळिसांत त्यांची लेक होती.

लेक आयसीयूत नर्स. नोकरीला लागली त्याच दिवशी तिनं बजावलं होतं, "इथं मी तुला आई म्हणणार नाही हं. लोक म्हणतील, वशिल्यानं चिकटली." तेव्हापासून गेली सहा वर्षं रुग्णालयाच्या फाटकाच्या आत एक 'बाई' होती आणि एक 'सिस्टर'. साथ आली तशी आयसीयूची माणसं मागच्या प्रशिक्षणाच्या इमारतीत राहू लागली. तीन आठवडे काम, मग तपासणी, मग आठवडाभर घर, अशी पाळी. लेकीची चार वर्षांची मुलगी आजोबांजवळ होती. जावई जहाजावर नोकरीला, आणि ते जहाज त्या दिवसांत कुठलंच बंदर आत घेत नव्हतं.

रोज सकाळी कामावर जाताना लेक भांडाराच्या खिडकीपासून दहा पावलांवर थांबायची.

"बऱ्या आहात ना, सिस्टर?"

"ठीक आहे, बाई. घरी?"

"घरी सगळं ठीक."

घरी नात रोज संध्याकाळी चपला घालून दाराशी बसायची आणि आजी एकटीच आलेली पाहून चपला काढून ठेवायची. हे बाईंनी कधी सांगितलं नाही. लेकीनं काय सांगितलं नाही, ते कळायला मार्ग नव्हता. मास्कच्या वर फक्त डोळे, आणि डोळ्यांवर वाफ धरलेला चष्मा.

बरणी मात्र सांगायची. लेकीला लहानपणापासून एक खोड होती. हातात टोपण आलं, पेनाचं म्हणा, तेलाच्या बाटलीचं म्हणा, की ती त्याच्या कडेत अंगठ्याचं नख रुतवत बसायची. शाळेत होती तोवर घरातल्या एकाही टोपणाची कड धड नव्हती. पहिल्याच सकाळी ताटात बाईंना एक टोपण दिसलं, कडेला नखाची नाजूक चंद्रकोर. हिरवं. बाईंनी ते मोजलं, पण फेकलं नाही. पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकलं. दुसऱ्या दिवशी तसंच एक, हिरवं. तिसऱ्या दिवशी हिरवं. पर्सचा कप्पा फुगत चालला आणि बाई निर्धास्त होत गेल्या. लेक ठीक होती. तोंडानं कुणीही ठीक म्हणतं. पण हे तर मोजलेलं होतं.

सुरुवातीला लाल टोपणं बरीच निघायची. पंधरा, अठरा, एकदा तर चोवीस. साहेब कपाळाला हात लावायचे. आणि मग एका आठवड्यात चमत्कार झाल्यासारखं झालं. अकरा, सात, दोन, शून्य. सलग चार दिवस शून्य. आलेख बागेतल्या घसरगुंडीसारखा खाली आला. बाईंचं कौतुक झालं, त्यांनाही ते मनापासून आवडलं.

"माणसं सावरली बघा," जेवताना त्यांनी नवऱ्याला सांगितलं.

नवऱ्याचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान होतं, साथीमुळे बंद. दिवसभर तो नातीला घरातली सगळी घड्याळं उघडून दाखवी. "सावरली की बंद पडली?" तो म्हणाला. "घड्याळाचा आवाज थांबला म्हणजे ते बरं झालं, असं नसतं गं."

"तुम्हाला मेलं कुणाचं चांगलं बघवतच नाही," बाई म्हणाल्या.

दोन दिवसांनी वरून अभिनंदनाचं पत्र आलं. ते दर्शनी फलकावर लागलं. त्याच्याच शेजारी साहेबांचं परिपत्रक लागलं, की कर्मचाऱ्यांचा ताण शून्यावर आला असल्यानं आणि मनुष्यबळ अपुरं असल्यानं आयसीयूच्या रजेच्या पाळ्या पुढील आदेशापर्यंत स्थगित.

लेकीचे एकवीस दिवस त्या सोमवारी भरणार होते. नातीनं दारामागे खडूनं रेघा ओढून ठेवल्या होत्या.

त्याच दुपारी बाई साठ्याची वही लिहायला बसल्या. श्वासाची नळी घातलेल्या रुग्णांना शांत ठेवायचं एक इंजेक्शन असतं, लाल टोपणाचं. साथीत ते पाण्यासारखं गेलं, पुरवठा थांबला, आणि बदली म्हणून दुसऱ्या कंपनीचं आलं, ते हिरव्या टोपणाचं. बाईंनी लिहिलं, लाल : शिल्लक शून्य. मागच्या तारखा पाहताना त्यांचं बोट अडलं. त्यांनी बरणीची वही काढून शेजारी ठेवली. इकडे साठा उतरला होता, तशी तिकडे लाल टोपणं उतरली होती. इकडे शून्य, दोन दिवसांनी तिकडे शून्य.

बाई उठल्या आणि तशाच चालत कपडे बदलायच्या खोलीपर्यंत गेल्या. हिरवा वाडगा ओसंडून वाहत होता. लाल वाडग्याच्या तळाशी पाणी वाळल्याचा पांढुरका डाग होता.

मामा समोरून हातगाडी ढकलत आले. बाईंनी त्यांना अडवलं. "लाल संपली होती, तर कुणी बोललं कसं नाही?"

"कुणाला बोलायचं, बाई? बारा तासांनी बाहेर आलेला माणूस अंथरूण शोधतो, रंग कुठं शोधत बसतो? टाकल्याची खूण हजेरीवर व्हायला हवी म्हणून एक टोपण टाकायचं. जे हाताला लागलं ते टाकलं."

बाई साहेबांकडे गेल्या, दोन्ही वह्या काखेत घेऊन. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, डोळे चोळले. टेबलावर चहाचे तीन रिकामे कप होते आणि खुर्चीमागे घरून आणलेली उशी.

"बाई, अभिनंदनाचं पत्र आलंय. तो आलेख आता अकरा रुग्णालयांत दाखवतायत. मी काय कळवू? की आमच्या माणसांचा आनंद एका इंजेक्शनच्या पुरवठ्यावर अवलंबून होता?"

"हो. तसंच कळवा."

"आणि रजेवर गेलेल्यांच्या जागी कोण उभं राहील? तुम्ही?" साहेबांनी चष्मा पुन्हा चढवला. "हे बघा, ज्याला खरंच सोसवत नसेल ना, तो लाल टोपण कुठूनही पैदा करेल. तुम्ही बघाच."

हे वाक्य बाईंनी मनावर घेतलं.

भांडारातल्या शेवटच्या कपाटात मुदत संपलेल्या एका औषधाचा खोका पडून होता, नष्ट करायला पाठवायचा राहिलेला. त्याची टोपणंही लालच, फक्त जरा विटकरी. दुसऱ्या सकाळी मेट्रनबाई मोजणीवर सही करायला यायच्या आत बाईंनी बरणीतून तीन हिरवी टोपणं काढली आणि तीन लाल टाकली. बावीस वर्षांत साधी एक गोळी त्यांनी इकडची तिकडे केली नव्हती. हाताला घाम सुटला. पुढच्या दिवशी सहा टाकली, तेव्हा घाम कमी होता. मग नऊ. नऊवर त्या थांबल्या, कारण त्या अभिनंदनाच्या पत्रात एक ओळ होती, 'यापुढे दहा किंवा अधिक लाल आढळल्यास सर्वांना समोर बसवून चौकशी करावी.' बाईंना रजा हवी होती, चौकशी नको होती.

"बघा!" साहेब ताटाकडे बोट दाखवून म्हणाले. "ज्यांना टाकायची ते टाकतायतच. म्हणजे तुमची ती साठ्याची शंका खोटी ठरली."

आपणच तयार केलेला पुरावा आपल्यावरच उलटेल, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. आता निदान रजेचं तरी निघेल, म्हणून त्या वाट बघत राहिल्या. रजेचं निघालं नाही. निघाल्या समुपदेशक बाई, पडद्यावर. सुरेख आवाज, मागे कुंडीत हिरवंगार झाड. त्यांनी नऊ लाल टोपणांवर इलाज सुचवला, सामूहिक हास्य, रोज वीस मिनिटं. तेव्हापासून प्रत्येक पाळीनंतर मागच्या अंगणात माणसं सहा-सहा फुटांवर उभी राहून मास्कच्या आत हा हा करत, आणि बाई खिडकीतून पाहत. लेक तिसऱ्या ओळीत असायची. ती हात वर करायची, इतरांबरोबर खाली आणायची. तिच्या खांद्यांवरून ती हसतेय की नुसती श्वास घेतेय, ते कळायचं नाही. तिचं टोपण मात्र रोज हिरवंच निघायचं.

आणि म्हणूनच मावशी कुरकुरत होत्या.

त्या कुरकुरल्या त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. सकाळी बाईंनी नेहमीसारखी अदलाबदल केली, नऊ हिरवी खिशात, नऊ लाल बरणीत. मेट्रनबाई आल्या, समोर बसल्या, बरणी ताटात ओतली गेली.

"लाल नऊ," बाई न पाहताच म्हणाल्या.

"दहा," मेट्रनबाई म्हणाल्या.

"नऊ असतील हो."

"दहा आहेत, बाई. चष्म्याचा नंबर वाढला तुमचा." मेट्रनबाईंनी पेन्सिलीच्या टोकानं एकेक टोपण बाजूला सारलं. सात, आठ, नऊ. आणि दहा.

दहावं टोपण विटकरी नव्हतं. चांगलं गडद लाल होतं, त्या संपलेल्या इंजेक्शनचं. त्याच्या कडेला नखाची खूण होती. एक नव्हे, सगळी कड गोलाकार कुरतडल्यासारखी झाली होती, धड जागाच उरली नव्हती.

ते इंजेक्शन संपून चार आठवडे झाले होते. म्हणजे वाडग्यात शेवटची लाल टोपणं असताना लेकीनं एक उचललं होतं आणि खिशात ठेवलं होतं. जवळजवळ चार आठवडे ते तिच्या खिशात होतं, त्यावर नख चाललं होतं, आणि रोज संध्याकाळी तिनं ते परत खिशात ठेवून बरणीत हिरवं टाकलं होतं. बाईंच्या पर्समध्ये त्या हिरव्यांचा ढीग होता. मोजलेला.

"दहा म्हणजे आता समोर बसवून चौकशी," मेट्रनबाई उसासा टाकून म्हणाल्या. "चला. हसून झालं, आता हेही करू."

थोड्या वेळानं लेक खिडकीपासून दहा पावलांवर थांबली. तिचा बेचाळिसावा दिवस.

"बऱ्या आहात ना, सिस्टर?" बाईंनी विचारलं.

"ठीक आहे, बाई. घरी?"

"घरी सगळं ठीक," बाई म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार? फाटकाच्या आत सहा वर्षं तेवढीच वाक्यं वापरात होती. बाकीची गंजली होती.

संध्याकाळी पाळी बदलताना बैठक बसली. रुग्णांजवळ लागतील तेवढी माणसं ठेवून बाकी सगळी जेवणघरात, लांब लांब खुर्च्यांवर. भिंतीवर आलेख. पडद्यावर समुपदेशक बाई, कुंडीसकट. स्टोअरबाई वही घेऊन दाराजवळ उभ्या. त्यांना खुर्ची नव्हती. त्या अठ्ठेचाळिसांत नव्हत्याच. भांडारातल्या माणसाचा रुग्णाशी थेट संबंध येत नाही, म्हणून त्यांच्या ताणाचा रकाना नव्हता.

"कुणाला दोष द्यायचा नाहीये," साहेब म्हणाले. "नाव गुप्तच आहे. फक्त आज एकेकानं उठून मोकळेपणानं सांगायचं, कसं वाटतंय." नाव गुप्त असताना एकेकानं उठून कसं सांगायचं, हे कुणी विचारलं नाही.

"ठीक," मेट्रनबाई बसूनच म्हणाल्या.

"मजेत," मामा म्हणाले.

"मला काय धाड भरलीय? मी ठणठणीत," मावशी म्हणाल्या. "फक्त ते हसायचं तेवढं कमी करा."

"छान वाटतंय." "काही नाही, ठीकच." "फर्स्ट क्लास." तरुण डॉक्टर 'उत्तम' म्हणताना जांभई आवरत होते. एकेक करत पाळी तिसऱ्या ओळीत आली. लेक उठली. तिचे दोन्ही हात खिशात होते. बाईंना दिसत होतं, उजव्या खिशात अंगठा काहीतरी शोधतोय आणि ते तिथं नाहीये.

"ठीक," लेक म्हणाली आणि बसली.

सत्तावीस माणसं, सत्तावीसही ठीक. साहेबांनी आलेखाकडे पाहिलं, माणसांकडे पाहिलं. "मग ही दहा टोपणं काय बरणीला फुटली?"

"माझी आहेत ती," दाराजवळून आवाज आला.

सगळ्या माना वळल्या. स्टोअरबाईंनी वही छातीशी धरली होती, पाटी धरावी तशी.

"मी टाकली. गेले कित्येक दिवस. मुदत संपलेल्या बाटल्यांची काढून टाकली."

"तुम्ही?" मावशी जवळजवळ उभ्याच राहिल्या. "अहो बाई! तुमच्यापायी मी दहा-बारा दिवस हा हा करतेय?"

"हो, मावशी. चुकलं माझं."

साहेबांना राग यायला हवा होता. त्यांच्या चेहऱ्यावर आधी सुटकेचं काहीतरी येऊन गेलं. "म्हणजे प्रत्यक्षात लाल नव्हतंच. शून्यच आहे." ते पडद्याकडे वळून समजावू लागले. मग त्यांनाच ते पुरतं पटलं नसावं. "पण बाई, तुम्ही का टाकलीत? तुम्हाला तर टोपण टाकायचंही नाही."

"तेच ना. मग मी माझं टाकू कुठं?" बाई म्हणाल्या. "तुम्ही म्हणालात, ज्याला सोसवत नसेल तो लाल पैदा करेल. मी केली. ह्यांना रजा मिळावी म्हणून केली. तर तुम्ही ह्यांना हसायला लावलंत."

कुणीतरी खुदकन हसलं. सगळ्या हास्यवर्गांतलं तेवढंच एक खरं असावं. पडद्यावरच्या बाई काही बोलल्या, पण त्यांचा आवाज बंद होता आणि कुणी तो सुरू केला नाही.

साहेब खुर्चीत बसले. बसल्यावर ते एकदम नुसते पन्नाशीतले, झोप न झालेले गृहस्थ दिसू लागले. "बाई, मला वर दाखवायला आलेख नको होता हो. एक माणूस हवा होता. एक जरी कुणी स्वतःच्या तोंडानं म्हणालं असतं ना, तर मी ते जसंच्या तसं वर लिहून पाळ्या सोडवून घेतल्या असत्या. बाहेरून माणसं मागवली असती. मी रोज वाट बघत होतो. तुम्ही सगळ्यांनी मला टोपणं दिलीत."

"तुम्ही तोंड कुठं मागितलंत, साहेब?" मेट्रनबाई हळूच म्हणाल्या. "तुम्ही टोपणंच मागितलीत."

साहेबांनी त्यावर मान हलवली. मग बरणीची वही मागून घेतली, पेन उघडलं. "बरं. आता दुरुस्ती तरी करू. दहातली किती तुमची, बाई?"

बाईंच्या ओठांवर 'दहा' आलं होतं. दहा म्हटलं की संपलं. लेकीवर कुणाचा डोळा नको, चौकशी नको. पण बावीस वर्षांची मोजायची सवय जिभेवर आधी धावून आली.

"नऊ," त्या म्हणाल्या.

"नऊ. मग दहावं कुणाचं?"

मावशींनी मामांकडे पाहिलं. मामा छताकडे पाहत होते. मेट्रनबाई आपल्या पेन्सिलीकडे. तरुण डॉक्टरांची जांभई अर्ध्यावर थांबली होती. आपलंच असावं आणि आपलं नसावं, असे दोन्ही भाव एकाच वेळी डोळ्यांच्या सत्तावीस जोड्यांत होते.

"तेही माझंच असेल," बाई घाईनं म्हणाल्या. "मोजताना चुकलं असेल."

"तू मोजताना चुकत नाहीस," तिसऱ्या ओळीतून कुणीतरी म्हणालं.

लेक उभी राहिली होती. चष्म्यावरची वाफ तिनं बाहीनं पुसली, तर ती पुन्हा धरली. मग तिनं चष्माच काढला. हात खिशाबाहेर होते आणि ते कुठं ठेवावेत, ते तिला कळत नव्हतं. ती साहेबांकडे पाहत नव्हती, आलेखाकडेही नव्हती. दाराकडे पाहत होती.

"ते माझं आहे," ती म्हणाली. "मला भीती वाटते, आई. रोज वाटते. आत जायला पाऊल उचलत नाही गं माझं."